भाषांतराच्या वाटेने इंग्रजी : एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यातील इंग्रजी प्रभुत्वाची घडण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासाचा आरंभ मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणापासून करण्याची प्रथा पडून गेली आहे. बंगालच्या संदर्भात ती उचित असेल. मुंबई इलाख्यापुरती मात्र ती दिशाभूल करणारी आहे. येथे मेकॉलेच्या आधीच इंग्रजी शिकणे सुरू झाले होते आणि ते मराठीला बाजूला सारून नव्हे, तर मराठीच्या आधाराने सुरू झाले होते. या इलाख्यातील पहिल्या पिढीने इंग्रजीवर मिळविलेले प्रभुत्व कोणत्या मार्गाने आले, तो मार्ग पुढे का अरुंद झाला आणि त्यावर कोणास चालता आले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन स्तंभांचे शिक्षण

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. लोकशिक्षण लोकभाषेतून व्हावे आणि त्यासाठी देशी भाषांत पुस्तके तयार व्हावीत, या मताचा तो होता. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने हे काम अंगावर घेतले. गणित, भूगोल, इतिहास, व्याकरण या विषयांवरील इंग्रजी ग्रंथ मराठीत आणावयाचे, तर इंग्रजी उत्तम जाणणारा मराठी माणूस हवा. या निकडीतून इंग्रजी शिकणाऱ्यांची पहिली फळी उभी राहिली. तिच्या दृष्टीने इंग्रजी हे प्रथमतः भाषांतराचे साधन होते. नोकरीचे साधन ते होतेच, परंतु केवळ तेवढेच नव्हते.

बाळशास्त्री जांभेकर हे या फळीचे सर्वांत लखलखीत उदाहरण होय. कोकणातील पोंभुर्ले येथून मुंबईस आलेल्या या तरुणाने ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. मराठीतील पहिले वृत्तपत्र म्हणून त्याचा गौरव होतो. पण ते द्वैभाषिक होते, एकाच पृष्ठावर मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले जात, या गोष्टीकडे भाषाशिक्षणाच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी वाचकाला कठीण वाक्याचा उलगडा त्याच पानावर मिळत असे, आणि मराठी शिकू पाहणाऱ्या युरोपीय वाचकालाही तीच सोय होती. १८४० पर्यंत चाललेल्या या पत्राला त्या काळातील मोठे पाठ्यपुस्तक म्हणण्यास हरकत नसावी. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झालेल्या बाळशास्त्रींनी १८४५ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची शिळाछाप प्रत सिद्ध केली, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजीवर असामान्य अधिकार असलेला गृहस्थ ज्ञानेश्वरीच्या मुद्रणाकडे वळतो, यात त्या पिढीला काही विसंगती वाटत नव्हती.

दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीची आहे, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. आक्षेप खरा आहे. परंतु शब्दांच्या जाती, वाक्याचे घटक यांची जाण एका भाषेत पक्की झाली की दुसरीत ती उपयोगी पडते, हा व्यवहारही त्यातून साधला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला. मराठी वाक्यात स्वल्पविराम कोठे द्यावा, याची शिस्तही आपल्याकडे मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून आली. इंग्रजी शिकण्याच्या खटाटोपात मराठी गद्यही घडत होते.

१८४७ चा वाद

हा समतोल टिकला नाही. १८४० मध्ये सोसायटीच्या जागी बोर्ड ऑफ एज्युकेशन आले आणि १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या विरोधात कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तीन भारतीय सदस्य उभे राहिले. शंकरशेटांचा विरोध इंग्रजीला मुळीच नव्हता. इंग्रजी शिक्षणाच्या मोठ्या पुरस्कर्त्यांपैकी ते एक होते. बहुसंख्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. भाषा शिकणे आणि त्या भाषेतून सर्व काही शिकणे, या दोन गोष्टींतील भेद त्यांनी जितक्या स्वच्छपणे ओळखला होता, तितका नंतरच्या अनेक शिक्षणतज्ज्ञांनीही ओळखलेला दिसत नाही. प्रत्यक्षात पेरी यांचे धोरण प्रभावी ठरले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६० च्या दशकातच पदवी अभ्यासक्रमातून मराठी वगळली गेली आणि तिची जागा संस्कृतादी अभिजात भाषांनी घेतली. ती विद्यापीठात परत यावी म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. दरम्यान माध्यमिक शाळांतील विद्यार्थी भाषांतर करीतच होता. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ पिढ्यानपिढ्या घोकली गेली. पण आता भाषांतराचा हेतू परीक्षेपुरता उरला. बाळशास्त्रींचा विद्यार्थी ज्ञान आणण्यासाठी भाषांतर करी, तर्खडकरांचा विद्यार्थी वाक्य बरोबर ठरावे म्हणून करी. ‘तर्खडकरी इंग्रजी’ या शब्दप्रयोगातील सौम्य उपहास त्याचाच अवशेष असावा. शुद्ध लिहिणारे, परंतु बोलताना अडखळणारे असंख्य पदवीधर या पद्धतीने निर्माण केले, हे मान्य करावेच लागते. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी मराठीच्या उपेक्षेवर कोरडे ओढले, तथापि १८८० मध्ये त्यांनी काढलेल्या शाळेचे नाव न्यू इंग्लिश स्कूल असेच होते.

वाट कोणासाठी ?

मात्र हा सारा इतिहास मुख्यतः ब्राह्मण व तत्सम वर्गांतील पुरुषांचा आहे. इतरांना इंग्रजी कशी मिळाली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रमाबाई रानडे यांना पतीच्या प्रोत्साहनाने इंग्रजी शिकता आली. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यासाठी सोसावा लागला, हे त्यांच्या १९१० मधील आठवणींवरून कळते. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजी निवेदन वाचले आणि १८८४ मध्ये पुण्यात ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, सुरू झाले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बोलण्याला आणि लिहिण्याला निकडीचे कारण मिळाले की भाषा किती झपाट्याने हाताशी येते, हे त्या चार वर्षांवरून दिसते.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’चा ग्रंथ मराठीत, पण त्याला जोडलेली एक प्रस्तावना इंग्रजीत आहे. शोषितांशी त्यांच्या भाषेत बोलावयाचे आणि सत्तेशी सत्तेच्या भाषेत, अशी ही योजना होती. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या इंग्रजी निवेदनात शेतकऱ्यांच्या करातून येणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हे त्यांनी परखडपणे मांडले. पेरी यांच्या धोरणाची परिणती कशात झाली, हे येथे एका माळ्याच्या मुलाने सरकारला सरकारच्याच भाषेत ऐकविले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना शाळेत संस्कृत शिकू दिली गेली नाही आणि फारसी घ्यावी लागली. मराठी संतांच्या अभंगांवर वाढलेल्या घरातील या विद्यार्थ्याने पुढे कोलंबियात आणि लंडनमध्ये इंग्रजीत प्रबंध लिहिले. १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे मात्र मराठीत काढली. स्वदेशातील अभिजात भाषेचे दार त्यांच्यासाठी बंद होते. परक्या भाषेचे उघडे होते. इंग्रजीच्या परकेपणाविषयी वरिष्ठ वर्गांत जी चर्चा चाले, तिला या अनुभवात फारसे स्थान नव्हते.