कोठावळ्याचे माप

धर्मग्रामातील घरांना भेटी देत असताना अलीकडे एक विषय हटकून निघतो. मुलांच्या शिक्षणाचा नव्हे, जमिनीच्या वादाचाही नव्हे, वाण्याच्या बिलाचा. तेल, डाळ, तांदूळ यांचे भाव सांगून झाले की घरातील माउली हळूच विचारते, "फादर, पुरवायचे तरी कसे?" या प्रश्नाला प्रवचनातून उत्तर देणे सोपे आहे, परंतु प्रश्न स्वयंपाकघरातला आहे आणि त्याचे उत्तरही तेथेच शोधले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या आणि आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात या उत्तराचे काही धागे आम्हांला सापडले. ते वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिला धागा दुसऱ्या शतकातील रोमचा. त्या काळी 'हर्मासचा मेंढपाळ' हा ग्रंथ ख्रिस्ती कुटुंबांत आदराने वाचला जाई. त्यात उपवासाची एक साधी रीत सांगितली आहे. उपवासाच्या दिवशी केवळ भाकरी व पाणी घ्यावे. एरवी त्या दिवशी जे खाल्ले असते त्याच्या खर्चाचा हिशेब करावा आणि तेवढी रक्कम विधवा, अनाथ किंवा गरजवंत यांना द्यावी. ही रीत मुलाबाळांसह साऱ्या घराने पाळावी, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे घरखर्चाचा हिशेब ही आपल्या धर्मजीवनात बाहेरून आलेली गोष्ट नाही. भक्ती आणि बेरीज-वजाबाकी ही दोन्ही फार पूर्वीपासून एकाच चुलीपाशी बसत आली आहेत.

दुसरा धागा सहाव्या शतकातील इटलीचा. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली. तिच्या ३९व्या प्रकरणात जेवणाचे माप ठरवून दिले आहे. दोन शिजविलेले पदार्थ असावेत, कारण एखाद्याला एक मानवत नसेल तर त्याने दुसऱ्यावर भागवावे. फळे किंवा ताजी भाजी मिळाली तर तिसरा पदार्थ चालेल. दिवसाला माणशी एक भरपूर रत्तल पाव. दोन वेळा जेवण असेल, तर त्यातील तिसरा हिस्सा कोठावळ्याने सायंकाळसाठी बाजूला काढून ठेवायचा. काम अधिक कष्टाचे असेल तर मठाधिपतीने वाढवून द्यावे. लहान मुलांना मोठ्यांहून कमी वाढावे. त्याच नियमावलीत कोठावळ्याला बजावले आहे की, मठातील सर्व भांडी व वस्तू त्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारख्या मानाव्यात. भाताचे पातेले आणि ख्रिस्तप्रसादाचा प्याला यांच्याकडे एकाच आदराने पाहणारी ही दृष्टी आहे.

तिसरा धागा आपल्या घराजवळचा. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. मुंबईसारख्या शहराला त्याची झळ लागलीच बसली. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि त्यात सुमारे ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज दिला जातो. केंद्र सरकारने नेमलेल्या ग्रेगरी समितीने मोठ्या शहरांतून प्रौढ माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य मिळावे, अशी शिफारस केली. चौदा शतकांच्या अंतराने पुन्हा तोच एक रत्तल! रोमन रत्तल इंग्रजी रत्तलाहून लहान होता, हे खरे. तरी माणसाच्या पोटाचे माप फारसे बदललेले नाही, हे यातून दिसते. अंगमेहनत करणाऱ्यांना जादा धान्य देण्याचे तत्त्वही मुंबईच्या रेशनिंगने मान्य केले होते. पुढे १९४६ मध्ये टंचाई वाढली, तेव्हा हे प्रमाण १६ औंसांवरून १२ औंसांवर आणावे लागले.

आमच्या आजीची थोरली बहीण लग्न होऊन मुंबईत गेली होती. रेशनच्या दिवसांच्या तिच्या आठवणी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. तांदूळ निवडताना निघालेल्या कण्या वेगळ्या ठेवून त्यांची पेज होई. भाजीचे देठ आमटीत जात. रात्रीचा भात उरलाच, तर सकाळी कांदा-मिरची परतून त्याचीच न्याहारी होई. "कोंड्याचा मांडा करून खाल्ला बाळा," असे ती म्हणे, तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असे.

गावाकडे ही शिस्त रेशनिंगच्याही आधीची. पावसाळ्यापूर्वी सुके बोंबील, सुकट, वाल, चिंच व वर्षाचा मसाला यांची बेगमी घरोघरी होई. गोव्यातील आपले बांधव तिला 'पुरुमेंत' म्हणतात आणि मडगावला पवित्र आत्म्याच्या सणाला त्यासाठी बाजार भरतो. वस्तू स्वस्त असताना घेणे आणि महाग असताना मापून वापरणे, एवढेच या बेगमीचे शास्त्र. आमच्या घरी पितळेचे एक चिपटे होते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली, तरी आमच्या चुलीपाशी राज्य चिपट्याचेच राहिले. दोन माणसांमागे एक चिपटे तांदूळ, असा आईचा नेम. पाहुणा आला तर आमटीत पाणी वाढे, पण अंदाजाने ओतलेला भात आमच्या घरी कधी शिजला नाही आणि टाकलाही गेला नाही.

मात्र येथे इतिहासाने आम्हांला खाली मान घालायला लावले, हे सांगितले पाहिजे. सेमिनरीत असताना संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे ३५वे प्रकरण आम्ही प्रथम वाचले. मठातील बंधूंनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाक व वाढपाचे काम करावे, असे त्यात आहे. पुढे असे म्हटले आहे की, वाढणाऱ्यांना जेवणाच्या एक तास आधी ठरलेल्या वाट्याशिवाय पावाचा तुकडा व पेय द्यावे. म्हणजे ते कुरकुर न करता व त्रास न होता सेवा करू शकतील. वाचता वाचता आम्ही थांबलो. आमची आई सर्वांना वाढून झाल्यावर जेवत असे. त्या वेळी पातेल्यात काय उरलेले असे, हे आम्ही एकदाही पाहिले नव्हते. चिपट्याचे माप बरोबर होते. परंतु महिनाअखेरीस ते कमी पडे, तेव्हा कोणाच्या ताटातून कमी होत होते? आई आज हयात नाही. तो प्रश्न तिला विचारण्याचे राहून गेले.

काटकसरीचे गोडवे गाताना ही बाब विसरता कामा नये. ज्या घरात एकाच व्यक्तीच्या उपाशी राहण्यावर बचत उभी असते, तेथे काटकसर नसते. तेथे अन्याय असतो, आणि तो प्रेमाच्या पदराआड झाकलेला असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

म्हणून "पुरवायचे तरी कसे?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे. आठवड्याचा बेत आधी ठरवावा व त्याप्रमाणेच चिठ्ठी लिहावी. धान्य माणसे मोजून आणि मापाने शिजवावे. पहिल्यांदा थोडे वाढावे, हवे त्याने पुन्हा मागून घ्यावे. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशीच्या बेतात प्रथम धरावे. पाच भाकरींनी हजारोंना तृप्त केल्यानंतरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या होत्या. प्रायश्चित्तकाळात हर्मासच्या रीतीने आठवड्यातून एकदा हिशेब मांडून वाचलेले पैसे शेजारच्या गरजवंताला द्यावेत.

आणि या सर्वांआधी एक गोष्ट करावी. पातेले चुलीवरून उतरले की, कोणाचेही पान वाढण्यापूर्वी, जिने रांधले तिचे ताट भरून झाकून ठेवावे. घरातील मुलांनी हे काम आपल्याकडे घ्यावे. आमच्या लहानपणी ते आम्हांला कोणी सांगितले नाही.