परीक्षकाचीही परीक्षा



प्राचीन ग्रीक संस्कृतीचे आपल्या विद्यार्थ्यांना नेमके काय उमगले, हे कसे पारखावे, हा आजचा विषय आहे. तलमडुगूत बसून ग्रीसची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु गोदाकाठचे पैठण टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पुळुमावीची राजधानी म्हणून नोंदविले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी स्तंभ दान केल्याचे लेख आहेत. ग्रीस आपल्याला सर्वस्वी परके नाही. परके आहे ते त्याचे प्रश्नपत्रिकेतील रूप.

ते रूप घडविण्यात माझाही हात आहे. गो. वि. करंदीकरांनी १९५७ साली ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. त्याच्या आधारे मी अनेक वर्षे शोकात्मिका शिकविली आणि ‘कॅथार्सिसची व्याख्या लिहा’ हा प्रश्न विचारीत राहिलो.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने व्याख्या लिहिलीच नाही. तिने लिहिले होते की, गावी मयताच्या घरी बायका गळ्यात पडून रडतात, गेलेल्याचे गुण आठवून रडतात, आणि मग हलक्या झालेल्या मनाने चुलीकडे वळतात. नाटक पाहून उठतानाही तसेच होत असावे. पण तिथे गेलेला माणूस आपला नसतो, मग आपण रडतो ते कोणासाठी? मी दहापैकी दोन गुण दिले आणि समासात ‘विषयांतर’ असा शेरा लिहिला.

चूक पुढे उमगली. कॅथार्सिस हा ग्रीक वैद्यांच्याही वापरातला शब्द. आपण त्यासाठी योजलेला ‘विरेचन’ हा शब्दही आयुर्वेदातून आला. दोन्ही शब्द देहाच्या अनुभवातून निघाले आहेत, आणि ती मुलगी त्या उगमाशी जाऊन पोहोचली होती. शिवाय, आज उपलब्ध असलेल्या काव्यशास्त्रात ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात या शब्दाचा उल्लेख केला आहे, उलगडा केलेला नाही. ज्या व्याख्येसाठी मी गुण राखून ठेवले होते, ती मूळ ग्रंथात नव्हतीच!

परीक्षक चुकतात, हे ग्रीकांनाही ठाऊक असावे. अथेन्सच्या नाट्यस्पर्धेतील परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. ॲरिस्टॉटलने ज्याचा नमुना म्हणून वारंवार दाखला दिला, त्या सोफोक्लीझच्या ‘राजा ईडिपस’ला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला, असे परंपरा सांगते.

परंतु अथेन्सची खरी शिकवण याहून कठोर आहे. तेथील अधिकाऱ्याची पद स्वीकारण्यापूर्वी पात्रता-तपासणी होई. मुदत संपल्यावर त्याला आपल्या कारभाराचा हिशेब नागरिकांपुढे द्यावा लागे, आणि कोणीही नागरिक त्याच्यावर आक्षेप घेऊ शके. या हिशेबाला ते ‘यूथिना’ म्हणत. स्त्रिया, गुलाम आणि परगावाहून येऊन वसलेले यांना त्या लोकशाहीत स्थान नव्हते, हेही मुलांना सांगितलेच पाहिजे. तरीही प्रश्न उरतो : विद्यार्थ्याची परीक्षा आपण दरवर्षी घेतो, परीक्षकाचा हिशेब कोण घेतो?

शिक्षकमित्रांना माझी एक सूचना आहे. ग्रीकांविषयी सनावळ्या विचारण्याऐवजी कार्ल्याच्या लेखाचा अर्थ मुलांपुढे ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. हा लेख काय सांगतो? काय सांगत नाही? दात्याचे नाव भारतीय वळणाचे असताना त्याला यवन का म्हटले असेल? हेरोडोटसने आपल्या ग्रंथासाठी वापरलेल्या ‘हिस्टोरिया’ या शब्दाचा अर्थच शोध, विचारपूस असा आहे. शोध घेता येतो की नाही, हे पारखणे हीच इतिहासाची परीक्षा. आपल्या वर्गात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, तर कोणाच्या घरी गोंडी बोलली जाते. उत्तर घरच्या अनुभवातून आले, एवढ्यावरून ते विषयांतर ठरवू नका.

त्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका आता कुठे असणार? तिचे गुण मला वाढविता येत नाहीत. म्हणून या व्यासपीठावर, आपणा सर्वांच्या साक्षीने, मी माझा हिशेब देत आहे : ती दहापैकी दोन गुणांची नव्हती. कमी पडलो होतो तो मी.