मूत्रपिंडातील संप्रेरके आणि रक्तदाब : स्त्री-पुरुषांमधील भेद

मूत्रपिंडे रक्त गाळतात आणि शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकतात, हे आपण शाळेतच शिकतो. रक्तदाबाच्या नियमनातही त्यांचा मोठा वाटा असतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. हे नियमन संप्रेरकांच्या एका साखळीद्वारे चालते. ही साखळी स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीरात असली, तरी तिचा तोल दोघांत सारखा नसतो. स्त्रीच्या बाबतीत तर तो वयानुसार बदलत जातो. त्यामुळे निदान आणि औषधयोजना करताना हा भेद ध्यानात घ्यावा लागतो.

शोधाचा इतिहास

स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट व पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला असता त्याचा रक्तदाब वाढला. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात त्यांनी अर्कातील द्रव्याला ‘रेनिन’ हे नाव दिले. पुढे १९४० च्या सुमारास ब्युनोस आयर्स व इंडियानापोलिस येथील संशोधकांना रेनिनमुळे तयार होणारे प्रभावी द्रव्य स्वतंत्रपणे गवसले. एका गटाने त्याला ‘हायपरटेन्सिन’ म्हटले, दुसऱ्याने ‘अँजिओटोनिन’. १९५८ मध्ये दोन्ही नावांचा मेळ घालून ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव रूढ करण्यात आले.

साखळीचे कार्य

रक्तदाब उतरला किंवा शरीरातील मीठ-पाणी घटले की मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी रेनिन सोडतात. यकृतात बनलेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिन-१ तयार करते. मुख्यत्वे फुप्फुसांत आढळणारे ‘एसीई’ हे विकर त्याचे रूपांतर अँजिओटेन्सिन-२ मध्ये करते. हे द्रव्य ‘एटी-१’ या ग्राहीला जोडले गेले की रक्तवाहिन्या आकसतात, अल्डोस्टेरॉन स्रवते, मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात आणि रक्तदाब चढतो.

या साखळीला आवर घालणारी दुसरी बाजूही आहे. ‘एटी-२’ ग्राही रक्तवाहिन्या सैल करण्यास मदत करतात. ‘एसीई-२’ हे विकर अँजिओटेन्सिन-२ चे विघटन करून रक्तवाहिन्या रुंदावणारे द्रव्य बनवते. आरोग्य या दोन बाजूंच्या समतोलावर अवलंबून असते.

भेद कुठे आहे?

प्रजननक्षम वयात स्त्रियांच्या रक्तातील रेनिन सामान्यतः पुरुषांपेक्षा कमी असते. प्राण्यांवरील प्रयोगांत इस्ट्रोजेनमुळे एटी-१ ग्राहींचे प्रमाण घटते आणि आवर घालणारी बाजू बळावते, तर टेस्टोस्टेरॉनमुळे रेनिन वाढते, असे दिसून आले आहे. एटी-२ आणि एसीई-२ या दोहोंची जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत, हीदेखील लक्षणीय बाब होय. तरुण वयात उच्च रक्तदाब पुरुषांत अधिक आढळतो, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक मानले जाते.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि हे संरक्षण ओसरू लागते. वाढते वजन, रक्तवाहिन्यांचा वाढता ताठरपणा यांचीही त्यात भर पडते. परिणामी उतारवयात स्त्रिया पुरुषांना गाठतात, किंबहुना मागे टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषधे चालू होती. सर्व वयांच्या या एकत्रित आकड्यांत पुरुष पुढे दिसतात. वयानुसार होणारी ही उलथापालथ त्यांत झाकली जाते.

औषधे आणि दक्षता

एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे एसीईला रोखतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही एटी-१ ग्राहींना अडवतात. पहिल्या गटातील औषधांमुळे येणारा कोरडा खोकला स्त्रियांत अधिक आढळतो. दोन्ही गट गर्भारपणात वर्ज्य आहेत, कारण त्यांनी गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने आधीच वैद्यकीय सल्ल्याने औषध बदलून घ्यावे. ते परस्पर बंद करू नये. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यकृतातील अँजिओटेन्सिनोजेन वाढवतात. काही स्त्रियांचा रक्तदाब त्यामुळे चढतो, म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही तो तपासणे इष्ट ठरते.

दवाखान्यात वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक नोंद झाल्यास उच्च रक्तदाब मानण्याची रीत स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. हा विकार बहुधा लक्षणांवाचून वाढतो. जी काही लक्षणे जाणवतात, ती पन्नाशीच्या आसपास ‘वयाचा त्रास’ म्हणून सोडून दिली जातात. तरुणपणी रक्तदाब नेहमी ठीक असे, हा पुढील आयुष्याचा भरवसा नव्हे. पाळी थांबण्याच्या सुमारास रक्तदाबाची नियमित तपासणी आणि आहारातील लोणची, पापड, सुकी मासळी यांतून येणाऱ्या मिठावर लक्ष, एवढ्याने हा बदल वेळेत ध्यानात येऊ शकतो आणि मूत्रपिंडे, हृदय व मेंदू यांची पुढील हानी बऱ्याच अंशी टाळता येते.