सायकल, रजा आणि संसार

सायकलीचा इतिहास सांगताना शोधकांची नावे आधी घेतली जातात. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ले ह्यांनी मागच्या चाकाला साखळी असलेली, जवळजवळ सारख्या चाकांची सायकल बनवली. १८८८ साली डनलॉप ह्यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. फ्रान्समध्ये सेंत-एतिएनचे पॉल द विवी ह्यांनी, चढावर दम न लागता लांबचा पल्ला गाठता यावा म्हणून, गिअर बदलण्याच्या सोयीचा आयुष्यभर पुरस्कार केला. तरीही फ्रान्समधले कामगार आपल्या माणसांना घेऊन मोठ्या संख्येने लांबच्या वाटेला लागले ते १९३६ च्या उन्हाळ्यात. मधली इतकी वर्षे ते कशासाठी थांबले होते? आमच्या मते ह्याचे उत्तर कारखान्याच्या हजेरीपटात सापडते.

सायकल तर कामगाराच्या दारात होतीच. पण ती भोंग्याच्या वेळेला बांधलेली होती. हाती एक रविवार. लहान मूल बरोबर असले की घटकाघटकाला थांबावे लागते. त्याला भूक लागते, झोप येते, पाऊस लागतो. एका दिवसात जाऊन परत यायचे तर गावाची शीव ओलांडली की मागे वळायची वेळ होई. लांबच्या प्रवासाला लागोपाठचे दिवस हवेत, आणि बिनपगारी दिवस म्हणजे चूल बंद.

१९३६ च्या मे-जून महिन्यांत फ्रान्सभर संपाची लाट उठली. कामगार कारखान्यांतच ठाण मांडून बसले. लेओं ब्लुम ह्यांचे सरकार नुकतेच अधिकारावर आले होते. ७ जूनला मालक व कामगार संघटना ह्यांच्यात माटिन्यों येथे करार झाला. त्यात पगारवाढ होती, संघटनेच्या हक्काला मान्यता होती. त्यापाठोपाठ २० जूनच्या कायद्याने, वर्षभर नोकरी झालेल्या कामगारास पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. त्याच महिन्यात जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनेही भरपगारी रजेचा ठराव संमत केला.

त्या उन्हाळ्यात सगळेच घराबाहेर पडले असे नाही. पुष्कळांनी रजा घरीच घालवली. फुरसतीच्या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज ह्यांनी रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली, तिचा लाभ घेऊन अनेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. उरलेल्यांना सायकल होती, आणि विशेषतः टँडम, म्हणजे पुढेमागे बसून दोघांनी चालवायची जोडसायकल. तिच्यावर कोणी पुढे निघून जात नाही की कोणी मागे राहत नाही, आणि वाऱ्याचा मारा बहुतेक एकालाच सोसावा लागतो. चढावर मात्र ती जड जाते. तेथे गिअर कामी आले. शर्यतीच्या जगाला हे ज्ञान उशिरा झाले: ‘टूर द फ्रान्स’ मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला मुभा मिळाली ती १९३७ साली. मूल लहान असेल तर छोट्या बैठकीवर किंवा मागे जोडलेल्या गाडीत बसे. पुढे १९४२ साली रिओमच्या खटल्यात ब्लुम ह्यांनी टँडमवरच्या ह्याच कामगार जोडप्यांची आठवण काढली आणि आपण त्यांच्या कष्टाच्या आयुष्यात थोडा उजेड आणला, असे न्यायासनापुढे अभिमानाने सांगितले.

त्याआधीच, १९४० च्या जूनमध्ये, त्याच रस्त्यांवरून लाखो कुटुंबे जर्मन फौजांपुढे पळत होती. त्यांतही सायकली होत्याच. लाग्रांज त्याच महिन्यात लढाईत पडले. चाळीस तासांच्या आठवड्याला तर १९३८ मध्येच मुरड पडली होती. पण रजा टिकली, वाढली: १९५६ साली तीन आठवडे, १९६९ साली चार, १९८२ साली पाच.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. तरी आम्ही कामगारसभांतून वर्षानुवर्षे पाहिले आहे, की बोनसच्या मागणीला टाळ्या पडतात, रजेची मागणी यादीत शेवटी जाते. आणि आज पाठीवर चौकोनी पेटी घेऊन घरोघर जेवण पोचवणारा तरुण दिवसभर चाकांवर असतो; चाक थांबले की त्याची कमाईही थांबते. त्याच्या मुलांना बापाबरोबर चार दिवस भटकायला मिळावे, ही मागणी चैनीची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९३६ चा तो उन्हाळा जरूर आठवावा.