मुळे परकी, द्राक्षे घरची

नाशिककडच्या किंवा सांगलीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत गेलात, तर मांडवावरच्या घडांकडे पाहून झाल्यावर जरा खाली वाका आणि खोड पाहा. जमिनीपासून थोड्या उंचीवर एक गाठ दिसेल. गाठीच्या वर थॉमसनचा वेल, आणि खाली भलताच कोणीतरी! ह्या खालच्याला आपले बागाईतदार ‘डॉगरीज’ म्हणतात. हे नाव अमेरिकेत, टेक्सास संस्थानातल्या बेल परगण्यातील एका जागेचे आहे. तिथली रानवेल इथवर आली, त्यामागे फ्रान्समधले एक मोठे संकट आहे.

१८६३ च्या सुमारास ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील द्राक्षवेली वाळू लागल्या. मेलेला वेल उपटावा, तर मुळे कुजलेली. कीड मात्र कुठेच नाही. जुलै १८६८ मध्ये मोंपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों ह्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक साधीच गोष्ट केली. मेलेल्या वेलाशेजारचा धडधाकट दिसणारा वेल त्यांनी खणला. भिंगाखाली पाहतात तो मुळांवर पिवळ्या माव्याची दाटी! घर लुटून झाले की चोर पुढच्या घरी जातो, तसा हा मावा मेला वेल सोडून जात असे. फायलोक्सेरा हे त्याचे नाव, आणि तो आला होता अमेरिकन रोपांबरोबर.

१८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर मद्य निघाले होते. १८८९ साली ते २३४ कोटींवर आले. गावेच्या गावे बसली. सरकारने उपायासाठी तीन लाख फ्रँकचे बक्षीस लावले. कोणी जमिनीत कार्बन डायसल्फाइड भरी, कोणी हिवाळाभर बाग पाण्याखाली बुडवून ठेवी. पण ज्याच्यापाशी पैसा नाही किंवा नदीकाठ नाही, त्याने काय करावे?

ही कीड अमेरिकेतली, म्हणजे तिथल्या रानवेली तिला पचवीत असल्या पाहिजेत. त्यांच्या मुळांना चावा बसला, तर जखमेखाली बुचासारखा थर धरतो आणि कूज आत शिरत नाही. मग मूळ अमेरिकेचे आणि शेंडा फ्रान्सचा, असे कलम का बांधू नये? बाभळीवर आंबा जगणार नाही, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. पण हे दोन्ही वेल एकाच कुळातले. साल आणि लाकूड ह्यांच्यामधला कोवळा थर थराला भिडला की सांधा जुळतो आणि रस वर चढतो. तरी पुष्कळांनी नाक मुरडले. अमेरिकन द्राक्षाला एक उग्र वास असतो, तो वर चढेल अशी धास्ती! बर्गंडीत तर १८८७ पर्यंत अशा कलमांना मनाई होती. फळ आपल्या शेंड्याच्याच जातीचे राहते, हे लोकांना पटायला वेळ लागला.

पण खरी अडचण पुढेच होती. लाब्रुस्का जातीचे खुंट माव्यापुढे टिकेनात. रिपारिया आणि रुपेस्ट्रिस टिकले. परंतु कोन्याकच्या चुनखडीच्या जमिनीत त्यांच्यावर केवडा पडू लागला, पाने पिवळी पडली. शेंड्याशी जमले, किडीशी जमले, मातीशी जमेना! तेव्हा १८८७ साली प्येर व्हियाला अमेरिकेला गेले. तिथे त्यांना डेनिसन गावचे रोपवाटिकेवाले मन्सन भेटले. मन्सन ह्यांनी टेक्सासच्या चुनखडीच्या डोंगरांतली बर्लांदिएरी ही रानवेल सुचविली. पण तिची नुसती काडी लावली तर मुळेच फुटत नाहीत (अशी खोडी प्रत्येक गुणी माणसात सापडतेच!). म्हणून तिचा दुसऱ्या वेलींशी संकर करावा लागला. फ्रेंच सरकारने मन्सनना १८८८ साली शेतीखात्याचे मानचिन्ह दिले.

बेल परगण्यातला डॉगरीजही ह्याच मन्सन ह्यांनी निवडलेला. आपल्याकडे तो आला तो माव्यापायी नव्हे, तर पाण्याच्या ओढीपायी आणि खारवटलेल्या जमिनीपायी. १९९० नंतर त्याची लागवड झपाट्याने वाढली. मात्र त्याचा जोर दांडगा. पाणी आणि नत्र जरा जास्त झाले की वेल नुसता पाल्यात जातो आणि घड रुसतात. म्हणून आता काही बागाईतदार ‘११० आर’ नावाचा खुंटही लावतात. हा रुपेस्ट्रिस आणि त्याच हट्टी बर्लांदिएरीचा संकर आहे.