पी.टी.च्या तासाला टॅबलेट : आरसा की अडथळा?

शाळेच्या वेळापत्रकात पी.टी.चा तास मुळातच उपेक्षित. परीक्षा जवळ आली की तो गणिताला देऊन टाकण्याची प्रथा जुनीच आहे. आता या तासात टॅबलेट अवतरला आहे. मैदानावर तरी मुलांनी पडद्यापासून दूर राहावे, असे मानणाऱ्या पालकांना हे खटकणे स्वाभाविक आहे. परंतु टॅबलेट मुलांना खिळवून ठेवतो की हालचालीस मदत करतो, हे तो कसा वापरला जातो यावरच ठरते.

जपानमधील 'गिगा स्कूल'

जपानच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०१९ मध्ये 'गिगा स्कूल' योजना जाहीर केली. प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला टॅबलेट किंवा छोटा संगणक आणि शाळांना वेगवान इंटरनेट, असे तिचे स्वरूप होते. करोनाच्या साथीमुळे अंमलबजावणीस वेग आला आणि मार्च २०२१ अखेर बहुतेक शाळांत ही उपकरणे पोहोचली. वर्गाबरोबरच ती व्यायामशाळेतही वापरली जाऊ लागली.

पडदा काय दाखवतो?

जपानी मुलांना शाळेत 'तोबिबाको' म्हणजे लाकडी कप्पे एकावर एक रचून केलेल्या पेटीवरून उडी मारण्यास शिकवतात. धावत यायचे, फळीवरून उसळी घ्यायची, पेटीवर हात टेकायचे आणि पाय फाकवून पलीकडे जायचे. हात अलीकडच्या कडेला टेकले तर मूल पेटीवरच बसते; पुढे टेकले तर उडी सुकर होते. ही सारी क्रिया काही क्षणांत संपते. त्यामुळे शिक्षकाने कितीही समजावले, तरी आपले हात नेमके कुठे पडले हे मुलाच्या लक्षात येत नाही.

येथे टॅबलेट उपयोगी पडतो. तिवईवर ठेवलेल्या टॅबलेटचा कॅमेरा अखंड चालू असतो, मात्र पडद्यावरील दृश्य ठरावीक सेकंद मागे ठेवले जाते. उडी मारून मूल टॅबलेटपाशी पोहोचते, तेव्हा त्याचीच उडी पडद्यावर सुरू झालेली असते. बटण दाबावे लागत नाही आणि रांगही थांबत नाही.

डोळ्यांना न टिपता येणारी हालचाल कॅमेऱ्याने उलगडण्याची कल्पना मात्र नवी नाही. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रांच्या मालिकेने दाखवले होते.

अतिरेक नको

प्रत्येक प्रयत्नानंतर चूक दाखवत राहिल्यास सरावाच्या वेळी प्रगती दिसते, पण शिकणारा त्या मदतीवर विसंबू लागतो आणि ती काढून घेतल्यावर कौशल्य टिकत नाही, असा विचार सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या अभ्यासकांनी १९८४ मध्ये मांडला. त्यामुळे तीन-चार उड्यांनंतर एकदा पडद्याकडे पाहणे अधिक हिताचे.

दुसरा प्रश्न वेळेचा. जपानमध्ये पाचवी-सहावीला वर्षाकाठी शारीरिक शिक्षणाचे ९० तास असतात आणि प्रत्येक तास ४५ मिनिटांचा असतो. चित्रण, चर्चा आणि नोंदी यांतच पंधरा मिनिटे गेली, तर व्यायामाचा एक तृतीयांश वेळ संपला. पाच ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

तिसरा प्रश्न संकोचाचा. पडलेल्या मुलाची चित्रफीत वर्गभर फिरली, तर ते मूल पुन्हा पेटीकडे फिरकणार नाही. उशिराने दृश्य दाखवण्यासाठी चित्रफीत कायम साठवण्याची गरज नसते. ती साठवायची असल्यास पालकांना आधी विचारणे श्रेयस्कर.

भारतात काय?

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'खेलो इंडिया' मोबाइल अॅप सुरू केले. त्यातून शालेय विद्यार्थ्यांच्या तंदुरुस्तीची नोंद ठेवण्याची सोय झाली. ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे-चालणे, लवचिकता आदी चाचण्या त्यात आहेत. येथे उपकरणाचे काम नोंदवहीचे आहे, जपानी व्यायामशाळेत आरशाचे. मात्र नोंदवही भरली म्हणजे व्यायाम झाला असे नव्हे आणि आरशासमोर उभे राहिल्यानेही तो होत नाही. पाच-सहा मुलांच्या गटाला एक टॅबलेट पुरतो. उड्या मात्र प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर यायला हव्यात.