दगडी पाला आला कुठून?



मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर दगडी पाल्याचा फोटो फिरत होता. खाली लिहिलेले, ‘ऋषिमुनींचे पाच हजार वर्षांपूर्वीचे औषध’. झाड ओळखीचे, गुणही खरा. वर्षांचा हिशेब मात्र जुळत नाही, आणि बी.कॉम. झालेल्या बाईला न जुळलेला हिशेब बघवत नाही.

कंबरमोडी, एकदांडी ही त्याचीच नावे. लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळे, कडेला पांढुरके. इथे नवी मुंबईत सिडकोच्या मोकळ्या प्लॉटवर, फुटपाथच्या फटीत कुठेही दिसते. पण त्याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. लिनियसने १७५३ साली त्याला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले. चरक-सुश्रुतांना ते माहीत असणे शक्यच नाही.

तरी माझ्या माहेरी, शिरोळ तालुक्यात, विळा लागला की पहिला हात याच पाल्याकडे जाई. आजी पाने धुऊन तळहातावर चोळायची, रस जखमेवर पिळायची, चोथा ठेवून वर चिंधी बांधायची. रक्त थांबायचे. म्हणजे परक्या मुलखातून आलेल्या तणाचा गुण इथे कुणीतरी शेतात बघून बघून ओळखला. मला वाटते कापणी करणाऱ्या बायकांनीच. त्यांची नावे कोण लिहून ठेवणार? पुढे प्रयोगशाळेत उंदरांच्या जखमांवरही तो तपासला गेला. (त्या मुक्या जिवांचे वाचून वाईट वाटतेच.)

जुनेपणाचाच अभिमान हवा असेल तर आपल्याकडे उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ आहे, नवव्या शतकातला. औषधातही मांस नको, हे त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात मांडले. हा संस्कृत ग्रंथ १९४० साली सोलापूरहून हिंदी भाषांतरासह छापला गेला. त्यात दगडी पाला सापडायचा नाही, पण आपल्या नियमात तो बसतो: चार पाने पुरतात, मुळाला हात लावावा लागत नाही.

मात्र हे खरचटण्यापुरतेच. खोल जखम, गंजका खिळा किंवा घरात कुणाला मधुमेह असेल तर साबण-पाण्याने धुवा आणि सरळ डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. आणि सोसायटीचा माळी तणनाशक मारतो त्या कडेची पाने तोडू नका.